चार तारा आणि एक नाव

या पानावर मी एरवी शब्दांच्या आणि पोथ्यांच्या गोष्टी सांगतो. यंदा दिवाळीच्या निमित्ताने एका वाद्याची गोष्ट सांगणार आहे. वाद्यातले मला फारसे कळते असे नाही. पण गोष्ट शेवटी पोथ्यांपाशीच येऊन पोचते, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमचा भाचा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडेच राहतो. जूनमधल्या एका संध्याकाळी तो घरी आला तो हातात एक लांबलचक लाकडी दांडी घेऊन.

"हा सोटा कुणासाठी रे आणलास?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

"मामी, सोटा नाही हा. बेस गिटारची मान आहे."

"आणि धड?"

"ते करायचंय."

धड करायचे म्हणजे काय, ते पुढे चार महिने आमच्या गॅलरीत, माजघरात आणि शेवटी माझ्या लिहायच्या टेबलावर आम्ही पाहत होतो. त्याला हवा होता १९६२ सालच्या घडणीचा बेस. अस्सल त्या सालचे वाद्य घ्यायचे तर आज कित्येक लाख मोजावे लागतात. त्याच्याजवळ शिकवण्या करून साठवलेले बारा हजार रुपये होते. तेव्हा सुटे भाग जमवून तसेच वाद्य उभे करायचे, असा बेत ठरला.

कुतूहल म्हणून मी त्याच्याकडून या वाद्याची कुळकथा ऐकली. पूर्वी नाचाच्या वाद्यवृंदात खर्जाचे स्वर धरायला माणसाएवढे उंच, उभ्याने वाजवायचे वाद्य असे. ते वाहून नेणे अवघड, बाकीच्या वाद्यांच्या गलक्यात ते ऐकू येणे अवघड, आणि पडदे नसल्याने स्वर नेमका लावणे त्याहून अवघड. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ होता. मूळचा हिशेबनीस, पुढे रेडिओदुरुस्तीवाला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्याने गळ्यात अडकवायचा, चार तारांचा, विजेवर वाजणारा बेस बाजारात आणला. दांडीवर वीस पडदे ठोकलेले, त्यामुळे बोट ठेवले की स्वर नेमका. म्हणून नावच ठेवले 'प्रिसिजन'. आपल्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात. इथे एकदा ठोकला की संपले.

पण त्या गृहस्थाची खरी युक्ती निराळीच होती. दांडी त्याने धडाला सरसाने चिकटवली नाही. चार स्क्रूंनी आवळली. दांडी बिघडली तर काढा, दुसरी बसवा! माझ्या भाच्यासारख्या रिकाम्या खिशाच्या मुलांवर त्याने हे मोठेच उपकार करून ठेवले आहेत.

दांडी एका मोडक्या वाद्याची मिळाली, साडेतीन हजारांना. तिच्यावरची पट्टी शिसवीची होती. गंमत अशी की साठीच्या दशकात ब्राझीलचे शिसव मागे पडून त्या परदेशी कारखान्यांतही आपल्याकडचे शिसव जाऊ लागले. आपल्या सह्याद्रीत वाढणारे झाड तिकडच्या संगीताच्या बोटांखाली आहे, हे मला या वयात कळले.

धडासाठी तिकडे जे आल्डरचे लाकूड वापरतात ते इथे मिळेना. आमच्या आळीत एक वृद्ध सुतारकाका आहेत. त्यांनी माळ्यावरून शिवणीची एक जुनी फळी काढली, बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, "हलकी आहे, वाळलेली आहे, वाकायची नाही. आणा तुमचा नकाशा." पुढचे पंधरा दिवस भाचा कॉलेजातून परस्पर त्यांच्या कारखान्यात जाई आणि अंगभर भुसा घेऊन घरी येई. लाकूड आणि मजुरी मिळून त्यांनी अठराशे रुपये घेतले. वर एक पैसा घ्यायला तयार होईनात.

चुकाही रीतसर झाल्या. या बेसवर तारेची वाजती लांबी चौतीस इंच. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत तिची निम्मी, म्हणजे सतरा इंच, आणि किंचित अधिक. आमच्या इंजिनियराने हे अंतर घोडीच्या मागच्या कडेपर्यंत मोजले. तार टेकते त्या जागेपर्यंत मोजायला हवे होते. परिणामी घोडी तीन सूत पुढे बसली. मोकळी तार सुरात आणि वरच्या पडद्यांवर स्वर चढा! सुतारकाकांनी जुन्या भोकांत बांबूच्या काड्या सरसात बुडवून ठोकल्या आणि घोडी मागे घेतली. रागावले नाहीत. "पहिल्या खुर्चीला मीही तीनच पाय नीट केले होते," एवढेच म्हणाले.

मग वीज जोडली तर वाद्य गुरगुरू लागले. बटणाच्या धातूला बोट लावले की गुरगुर कमी होई. तारांना लावले तर जशीच्या तशी. दोन रात्री जागल्यावर उमगले, की घोडीपासून आतल्या जोडणीपर्यंत न्यायची एक वीतभर तार जोडायचीच राहिली होती. डाग दिला आणि घरात शांतता झाली.

आता हिशेब. दांडी ३,५००, धड १,८००, पिकअप २,४००, खुंट्या १,६००, घोडी ९००, आतले विजेचे सामान ४५०, रंग ६००, तारा १,५००. एकूण १२,७५०. वरचे साडेसातशे मी दिले आणि अशा रीतीने या उद्योगात बोलण्याचा अधिकार मिळवला. तो वापरण्याची वेळ लवकरच आली.

एके दिवशी पाहतो तो भाचा नव्या रंगावर काचकागद घाशीत बसलेला. जुने दिसावे म्हणून! इथवर ठीक होते; नाटकात तरुण पोरे म्हातारी होतातच. पण टेबलावर एक चिकटचित्रही होते. त्या प्रसिद्ध कंपनीचे नाव, जुन्या वळणात. दांडीच्या माथ्यावर चिकटवायला आणलेले.

"अरे, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"मामा, मी कुठं विकतोय? नुसतं दिसायला."

"तू विकणार नाहीस. पण दहा वर्षांनी हे कुणाच्या हाती असेल?"

आणि मग मी माझ्या पोथ्यांवर आलो. तुकारामांच्या गाथेत मागाहून शिरलेले किती अभंग आहेत! ते रचणारे सगळे काही लबाड नव्हते. कुणी भक्तीने रचले, शेवटी तुकोबांचे नाव घातले, आणि तेवढ्याने पुढच्या पिढ्यांना अस्सल कोणते ते शोधत बसावे लागले. ज्ञानेश्वरीत असे पाठ शिरले, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली.

भाचा ऐकून घेत होता. मग तो म्हणाला, "पण मामा, तिथल्या कारखान्यातही एका ढिगातली दांडी आणि दुसऱ्या ढिगातलं धड घेऊनच जोडत होते. दांडीवर एक तारीख, आतल्या भागांवर दुसरी. मापं तीच, घडण तीच. मग माझं खोटं आणि त्यांचं खरं, ते कशानं?"

खरे सांगतो, मला चटकन उत्तर सुचले नाही. एम. ए.च्या वर्गात असा प्रश्न आला असता तर मी तास संपल्याचे निमित्त केले असते.

उत्तर दिले ते सुतारकाकांनी. वाद्य पाहायला म्हणून ते दुसऱ्या दिवशी आले. चिकटचित्र हातात घेऊन त्यांनी विचारले, "हे काय?" भाच्याने सांगितले. काका रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "लाकूड माझ्या माळ्यावरचं, रंधा मी मारला, घाम तू गाळलास. मग नाव तिसऱ्याचं कशाला?"

भाचा काही बोलला नाही. पण काका गेल्यावर त्याने चारी स्क्रू पुन्हा काढले. जुन्या वाद्यांच्या दांडीच्या टाचेवर, जिथे ती धडात बसते तिथे, तारीख घातलेली आढळते. आतल्या बटणांवरही आकडे असतात, ३०४६२०५ म्हणजे अमुक कारखाना, १९६२ साल, पाचवा आठवडा. आमच्या पोथ्यांच्या शेवटी लेखक आपले नाव, गाव, शक लिहितो, तसेच हे. भाच्याने त्या टाचेवर पेन्सिलीने साल लिहिले, 'पुणे' लिहिले, 'धड शिवणीचे' असे लिहिले, सुतारकाकांचे नाव लिहिले आणि खाली स्वतःचे. मग स्क्रू पुन्हा आवळले. माथा कोराच ठेवला. चिकटचित्र अजून त्याच्या खणात आहे. मी विचारीत नाही.

कोजागिरीला गच्चीवर वाद्य पहिल्यांदा मोठ्याने वाजले. सर्वांत जाड तारेचा तो मोकळा खर्ज ऐकू येण्याआधी पायांखालच्या फरशीत जाणवला. दुधाच्या पातेल्यावरचे झाकण थरथरले. मामींनी ते हाताने दाबून धरले आणि त्या म्हणाल्या, "बाई गं, धड आलं खरं!" सुतारकाका कठड्याला टेकून बसले होते. गाणे त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताचे बोट गुडघ्यावर वाजत होते, फळीवर वाजले होते तसेच.