उलट बोलू द्या!

"सर, त्याला मुद्दाम चुकीचं सांगून बघू का?"

आमच्या मोहल्ल्यातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात आठवीतल्या एका मुलीनं हे विचारलं. एक लॅपटॉप, भाड्याचा प्रोजेक्टर, १८ मुलं आणि भिंतीवर एआयशी चाललेला संवाद. विषय होता, लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का तरंगतं? मी यंत्राला आधीच बजावलं होतं : थेट उत्तर द्यायचं नाही, सोप्या मराठीत एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, मूल चुकलं तर दुसरं उदाहरण द्यायचं. अर्ध्या तासात मुलं घनतेपर्यंत पोचली होती.

मी हो म्हणालो. तिनं टाइप केलं, "तुमचं चुकलं. जहाज जड असतं म्हणूनच तरंगतं." यंत्र लगेच नरमलं. माफी मागून तिचा मुद्दा बरोबर असल्याचं सांगू लागलं. वर्गात हशा पिकला. मी म्हटलं, आता खरं काय ते तुम्ही दाखवा. बादली आली, स्टीलची वाटी आली. वाटी अलगद ठेवली तर तरंगली, तीच वाटी आडवी करून सोडली तर तळाशी गेली. वजन तेच! मग जड असल्यामुळे तरंगते, हे खरं कसं?

त्या दिवशी मुलांना घनता समजलीच. पण यंत्र आपल्या 'हो'त 'हो' मिसळतं, हेही कळलं. माझ्या मते दुसरा धडा जास्त मोलाचा होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ही यंत्रं आतून कशी चालतात, याची मला थोडीफार कल्पना आहे. पुढचा शब्द कोणता येईल, याचा अंदाज बांधत ती वाक्य रचतात. माणसांना कोणतं उत्तर आवडलं, यावरून त्यांना वळण लावलं जातं. त्यामुळे खुशामत हा त्यांचा जुना आजार आहे. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती अतीच गोड बोलू लागली म्हणून ओपनएआयला मागे घ्यावी लागली होती.

"म्हणूनच तर बंदी हवी," असं आपल्याकडचे अनेक शिक्षक म्हणतात. मुलं आळशी होतील, नक्कल करतील. भीती अगदीच खोटी नाही. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. ज्यांना साधा चॅटबॉट दिला, त्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. परीक्षेत तो काढून घेतला, तेव्हा तीच मुलं चॅटबॉट कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांनी इशारे लिहून दिले होते आणि थेट उत्तर द्यायला मनाई केली होती. त्या गटाचे सरावातले गुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ टळलं. पण ती मुलं इतरांच्या पुढेही गेली नाहीत. मार्गदर्शनामुळे नुकसान टळतं, शिकणं मात्र आपोआप होत नाही. ते बादलीपाशी होतं.

आणि बंदीवाल्यांना एक विचारतो. गाईडमधली उत्तरं फळ्यावर उतरवून पाठ करायला लावता, तेव्हा नक्कल होत नाही का? तेव्हा मुलांचा विचार कुठे असतो?

दुसरी जमात टॅबवाटप करणाऱ्यांची. सत्कार, शाल, फोटो, भाषण. संवाद कोण आखणार, मुलांचं लिखाण कोण वाचणार, याचा पत्ता नाही. आणि तिसरे आम्ही इंजिनिअर, ज्यांना वाटतं की ॲप बनवलं म्हणजे शिक्षण झालं.

तिघांचंही दुखणं एकच. प्रश्न विचारणारं मूल यांपैकी कुणालाच नको आहे. आपल्या घरातसुद्धा, विशेषतः मुलीला, पहिली ताकीद काय मिळते? "उलट बोलू नकोस." वडीलधाऱ्यांपुढे, सरांपुढे, पुस्तकापुढे मान खाली घालायला शिकलेलं मूल यंत्रापुढेही मान खाली घालणार. यंत्र तर मोठ्या आत्मविश्वासानं, शुद्ध भाषेत बोलतं!

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात. धोंडिबा शंका काढतो, म्हणून विचार पुढे सरकतो. आपल्या वर्गांत हा धोंडिबाच गायब आहे.

घरी दखनी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी, असा प्रवास आपल्यातल्या अनेकांनी केलाय. मीही मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलो आणि पहिलं वर्ष गप्प बसून काढलं. विचारलं तर हसतील, ही भीती. घरी अभ्यास सांगणारं कुणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, अशा मुलाला न हसणारा, न कंटाळणारा, त्याच्या मिश्र भाषेतही उत्तर देणारा जोडीदार मिळत असेल, तर तो नाकारण्याचा हक्क आपल्याला नाही. पण त्याच्या हवाली मूल करण्याचाही नाही.

म्हणून आमच्या वर्गाचे चार नियम आहेत. प्रश्नांची दिशा शिक्षकानं ठरवायची. खातं शिक्षकाचं असेल आणि मुलाचं नाव-गाव यंत्राला कळणार नाही, कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. प्रत्येक संवादात एकदा तरी यंत्राला खोटं पाडायचा प्रयत्न करायचा. आणि शेवटची दहा मिनिटं पडदा बंद, वही उघडी : काय समजलं, ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यात डीएडवाले आहेत, इंजिनिअर आहेत, नुकते पदवीधर झालेले आहेत. मोहल्ल्यात एखादी खोली आणि रविवारचे दोन तास काढा. लॅपटॉप एक पुरतो. बादली मात्र विसरू नका. आणि एखादी मुलगी म्हणाली, "सर, तुमचंच चुकलं," तर रागावू नका. तिला खडू द्या.