ग्राहक ज्यावर विसंबतो, ते लिहून द्या
कचेरीतला विंडोज संगणक सर्व्हरवरची फाइल मागतो, तेव्हा दोघांत ठरावीक पद्धतीच्या संदेशांची देवाणघेवाण होते. या संदेशांची रचना मायक्रोसॉफ्टच्या लेखी घरातली बाब होती. पण दुसऱ्या कोणाचा सर्व्हर वापरणाऱ्या ग्राहकाचे सारे काम त्या रचनेवरच अवलंबून होते. ‘साम्बा’ हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले ते नेटवर्कवरून जाणारे हे संदेश वर्षानुवर्षे न्याहाळून आणि त्यांचा अर्थ लावून. कंपनीला जे सहज लिहून देता आले असते, ते हुडकण्यात इतक्या हुशार माणसांची उमेद खर्ची पडली, हे मला अक्षम्य वाटते. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने ही माहिती देण्याचा आदेश काढला आणि अन्य एका आरोपासह मिळून ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. ही आमची बौद्धिक संपदा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण आयोगाने सोर्स कोड मागितलाच नव्हता. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे, एवढेच मागितले होते. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानेही आदेश उचलून धरला. पुढच्याच वर्षी कंपनीने हजारो पानांचे तपशील सर्वांसाठी खुले केले, आणि त्यामुळे विंडोज काही बुडाले नाही.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: आतले तपशील एकदा लिहून दिले की ते बदलता येत नाहीत, सुधारणा खुंटते. अडचण खरी आहे. पण ती लिहिण्यामुळे येत नाही, वापरामुळे येते. पायथन भाषेच्या २०१६ च्या ३.६ आवृत्तीत ‘डिक्शनरी’तल्या नोंदी भरल्या त्याच क्रमाने राहू लागल्या. यावर विसंबू नका, असे तेव्हा स्पष्ट बजावले होते. २०१८ मध्ये ३.७ आवृत्तीत त्याच क्रमाची हमी देण्यात आली. गो भाषेने उलट वाट धरली. तिथे ‘मॅप’मधल्या नोंदींचा क्रम मुद्दाम बदलता ठेवला आहे, आणि तसे लिहूनही ठेवले आहे. दोन्ही निर्णय प्रामाणिक आहेत, कारण वापरणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळते. म्हणजे लिहून देणे हे कायमचे वचन असायलाच हवे असे नाही. ‘हे पुढे बदलेल’ एवढे सांगितले तरी ग्राहक सावध राहतो. गैर आहे ते मौन.

पतसंस्था, शाळा, नगरपालिका सॉफ्टवेअर विकत घेतात तेव्हा किमतीवर घासाघीस होते. तेव्हाच आपली माहिती कोणत्या रचनेत साठवली जाईल आणि ती रचना बदलण्याआधी किती दिवस कळवले जाईल, हे करारात लिहून मागा.