माणसाआधी रिकामी कुपी

परभणी–मुदखेड लोहमार्गाचे दुहेरीकरण झाले तेव्हा नवा रूळ टाकला आणि लगेच प्रवासी गाडी सोडली, असे झाले नाही. आधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी, मग प्रवासी. मुदखेड जंक्शनवर ताटकळणारा यावर कुरकुरतो, पण ‘रेल्वे फसली’ असे म्हणत नाही. इस्रोच्या गगनयानाला मात्र ही सवलत द्यायला आपण तयार नसतो. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झालेली २०२२ ची मुदत उलटली आणि ‘अजून किती चाचण्या?’ हा सूर लागला.

रिकाम्या उड्डाणातून काय मिळते?

१८ डिसेंबर २०१४ रोजी श्रीहरिकोट्याहून सुमारे ६३० टनांचे एलव्हीएम-३ (तेव्हाचे जीएसएलव्ही मार्क-३) पहिल्यांदा उडाले. त्याचा वरचा क्रायोजेनिक टप्पा त्या दिवशी पेटणारच नव्हता. तो केवळ वजन आणि आकारापुरता बसवला होता. तपासायचे होते ते वेगळेच. दोन बाजूंचे घन इंधनाचे अजस्र बूस्टर आणि मधला द्रव इंधनाचा टप्पा वातावरणाचा मार सोसतात का? आणि पावणेचार टनांची कुपी सुमारे १२६ किलोमीटर उंचीवरून तापत, पॅराशूटला लटकत नीट खाली येते का? ती अंदमानजवळ समुद्रात उतरली आणि तटरक्षक दलाने उचलून आणली. क्रायोजेनिक इंजिनासह पूर्ण उड्डाण व्हायला ५ जून २०१७ उजाडला. मधली अडीच वर्षे वाया गेली, असे आज कोण म्हणेल?

अमेरिकेचे काय झाले?

नासाची आर्टेमिस-१ ही मानवरहित मोहीम नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली आणि चंद्राभोवती जाऊन डिसेंबरमध्ये सुखरूप परतली. टाळ्या वाजल्या. नंतर पाहिले तर उष्णतारोधक ढालीचे तुकडे शंभराहून अधिक जागी निघालेले! आत अडकलेल्या वायूने ते उडवले, हे कारण सांगायला डिसेंबर २०२४ उजाडला. आणि ढालीची ती छायाचित्रे महानिरीक्षकांच्या अहवालातून मे २०२४ मध्ये बाहेर आली.

म्हणून आपला आग्रह तारखेसाठी नको, माहितीसाठी हवा. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानाच्या टीव्ही-डी१ चाचणीची उलटी गिनती पाच सेकंद उरले असताना थांबली. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी तिथल्या तिथे ते सांगितले, आणि सकाळी दहाला यान उडालेही. एवढाच मोकळेपणा पुढच्या प्रत्येक रिकाम्या उड्डाणानंतर हवा: काय तापले, काय फाटले, कोणता आकडा अंदाजापेक्षा वेगळा आला. त्या कुपीत बसणारे हवाई दलाचे वैमानिक आहेत, आणि त्यांच्या घरच्यांना तरी ‘मोहीम यशस्वी’ एवढी एकच ओळ पुरणार नाही.