सुई त्यांची, सही आपली

फुकट समाजसेवा करणाऱ्याला प्रश्न विचारायचे नसतात, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. तो मोडायची वेळ आली आहे, असं मला वाटतं.

कसारा लाइनवर टिटवाळ्यानंतर खडवली येतं. इथे बायकांकडून गोधड्या, पिशव्या आणि दुलया शिवून घेऊन विकणारी एक छोटी संस्था आहे. मी तिच्या नऊ विश्वस्तांपैकी एक. नाव देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. नऊ जणांत दोन डॉक्टर आहेत, एक निवृत्त हेडमास्तर, एक प्राध्यापिका, एक बिल्डर, एक सीए आणि बाकी आम्ही व्यापारी-नोकरदार. सगळी भली माणसं. कुणी मानधन घेत नाही, उलट अडीअडचणीला खिशातले घालतात. पण नवापैकी एकालाही धावदोरा घालता येत नाही. आणि ज्या चाळीसेक बायका तो घालतात, त्यांच्यातली एकही मंडळावर नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "सर, ती निळी गोधडी ठाण्याच्या प्रदर्शनात कितीला गेली?" आमच्यातले एक जण हसून म्हणाले, "आपा, तुमची मजुरी वेळेवर मिळतेय ना? मग झालं तर." त्या गप्प बसल्या. मला वाटतं, आपल्या सगळ्या चांगुलपणाचा निकाल त्या एका उत्तरात लागला.

या बायका कोण आहेत, ते आधी पाहू. आमच्या माहितीपत्रकावर 'निर्वासित महिलांसाठी' असं छापलं आहे. कायद्याच्या भाषेत त्या निर्वासित नाहीत. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. शिवाय या बायका देशाची सीमा ओलांडून आलेल्या नाहीत. कुणाचं कुटुंब १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली खोली सोडून मुंब्र्याला आलं आणि तिथलं भाडं परवडेना म्हणून पुढे सरकलं. कुणी भिवंडीतले लूम बंद पडल्यावर आली. दोघी-तिघी उत्तर प्रदेशातल्या, पाठीशी कुणी नसलेल्या. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलीत ९०० माणसं मेल्याची नोंद केली, त्यातले ५७५ मुस्लिम. मेलेल्यांची निदान मोजदाद झाली. घर सोडून निघालेल्यांची कुणी नीट केली नाही. मुंब्रा एवढं का फुगलं, याचं अर्धं उत्तर त्या न मोजलेल्या माणसांत आहे.

तसं पाहिलं तर हा सगळा पट्टाच उठून आलेल्यांचा आहे. भिवंडीतल्या अनेक मोमीन-अन्सारी घरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेतून हातमाग घेऊन आले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवली गेली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. भातसा धरणासाठी शहापूर तालुक्यातली माणसं उठली आणि पाणी मुंबईला गेलं. म्हणजे आपण कुणा परक्यांवर उपकार करत नाही. आपल्यातले बरेच जण दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्याच रांगेत उभे होते.

आता आपला लाडका युक्तिवाद घेऊ: "आम्ही एक पैसाही घेत नाही." खरं आहे, पैसा घेत नाही. पण काहीच घेत नाही, हे खरं नाही. आपल्याला मान मिळतो. मोहल्ल्यात शब्दाला वजन येतं. इफ्तारच्या कार्यक्रमात पुढची खुर्ची मिळते, मुलीच्या स्थळाच्या वेळी 'खिदमत करणारं घराणं' म्हणून नाव निघतं. यात वाईट काही नाही. फक्त तो मोबदला आहे, हे कबूल करू या.

आणि फुकट काम जास्त कोण करतं, तेही मोजू या. शिकण्याच्या दोन महिन्यांत बाई जे नमुने शिवते, त्याचे पैसे तिला मिळत नाहीत. टाका उसवून परत घालायला सांगितलं तर त्याची मजुरी नाही. प्रदर्शनात दिवसभर उभं राहिलं तर वडापाव आणि भाडं. आपण महिन्यातून एक संध्याकाळ देतो आणि तिला स्वयंसेवा म्हणतो. ती आठवड्यातल्या कित्येक दुपारी देते आणि तिला आपण 'लाभार्थी' म्हणतो. हा शब्दच आधी फेकून द्यायला हवा. समजा, एक गोधडी ३००० रुपयांना विकली गेली आणि शिवणारीला त्यातले ६०० मिळाले. बाकीचे २४०० कापड, भाडं, वाहतूक, स्टॉल यांत गेले असतील, प्रामाणिकपणे गेले असतील. पण ते कसे गेले, हे ३००० मिळवून देणारीला ठाऊक नसावं आणि आपल्याला असावं, हे कुठल्या न्यायाने?

वर आपण गोधडीला तिच्या दुःखाची चिठ्ठी बांधतो. नवरा वारला, घर जळलं, तीन लेकरं. त्या चिठ्ठीने किंमत वाढते. चिठ्ठी लिहितो आपण, सही तिची नसते, कित्येकदा तिला वाचूनही दाखवलेली नसते. तिचा टाका सरळ आहे, रंगांची जाण पक्की आहे, चिंध्यांतून तिने नक्षी उभी केली आहे, एवढं विकायला पुरेसं नाही का?

यावर मंडळातून तीन हरकती येतात. तिन्ही ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली, त्या शिकलेल्या नाहीत, हिशेब त्यांना कळणार नाहीत. १९७४ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या ४००० बायकांनी प्रत्येकी १० रुपये भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. भाजी विकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, चिंध्या शिवणाऱ्या बायका. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. ती बँक आजही चालू आहे. त्याच शहरात दर्यापूरच्या मुस्लिम बायका गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवायच्या आणि व्यापारी देईल तो दर घ्यायच्या. त्यांनी दर वाढवून मागितला, व्यापाऱ्यांशी भांडण झालं, आणि त्यातून 'सबीना' ही त्यांची स्वतःची चिंधीकाम सहकारी संस्था उभी राहिली. आपल्या खडवलीच्या बायकांचंच काम, त्यांच्यासारख्याच बायका. उधारीच्या वहीवर किराणा चालवणाऱ्या बाईला जमाखर्च कळत नाही, हे म्हणायला धाडस लागतं.

दुसरी हरकत सीए साहेबांची, आणि ती वजनदार आहे. सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्ताने न्यासातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नसतो. मजुरी घेणारी बाई विश्वस्त झाली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार होऊ शकते. बरोबर. मग न्यासाने आपलं काम प्रशिक्षण आणि मदतीपुरतं ठेवावं आणि शिवण्या-विकण्याचा धंदा बायकांच्या सहकारी संस्थेकडे द्यावा. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने वेगवेगळ्या कुटुंबांतल्या १० व्यक्ती पुरतात. उत्पादक कंपनी काढायची तरी १० उत्पादक आणि किमान ५ संचालक लागतात, आणि तिच्या व्याख्येत हस्तकलाही बसते. तिथे काम करणारीच सभासद आणि सभासदच मालक. कायदा आपल्याला अडवत नाही. आपण कायद्याच्या आडोशाला उभे आहोत.

तिसरी हरकत, असं कुठे चालतं का? चालतं, आणि मुंबईतच चालतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे लिज्जत झालं. तिथे लाटणारी प्रत्येक बहीण मालक असते, कारभार पाहणाऱ्या समितीवर बहिणीच असतात, आणि देणगी घ्यायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. शुभेच्छुक पुरुष तिथेही होते. त्यांनी पैसे दिले, सल्ला दिला, पण मालकी बायकांकडेच राहिली.

आता एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. मीही होतो. वक्फ मंडळांवर कोण बसणार हा आपला एक मोठा मुद्दा होता. ज्यांची अमानत, ज्यांच्यासाठी अमानत, कारभारही त्यांच्याच हातात हवा, असं आपण म्हणालो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात राज्य मंडळाच्या ११ सदस्यांत बिगरमुस्लिम ३ पेक्षा जास्त नसावेत असं सांगितलं, तेव्हा आपण तो आकडा घराघरांत चर्चिला. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल हातात घेऊन आपण वीस वर्षं विचारतोय की निर्णयाच्या खुर्चीवर आम्ही किती? चांगला प्रश्न आहे. तोच प्रश्न त्या चाळीस बायका आपल्याला विचारू शकतात, आणि त्यांच्यासाठी आपलं उत्तर आज शून्य आहे. सरकारकडे एक माप आणि आपल्या घरात दुसरं, हे चालणार नाही. मुतवल्लीने हिशेब द्यावा असं आपण जुम्म्याच्या नमाजीनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर बोलतो. देवाणघेवाण लिहून ठेवायला सांगणारी आयत कुराणातली सगळ्यांत लांब आयत आहे, हे तर आपण अभिमानाने सांगतो. मग निळ्या गोधडीची किंमत सांगताना जीभ का अडखळते?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि पुढच्या बैठकीत मी त्या लेखी मांडणार आहे. शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था एका वर्षात नोंदवावी आणि विक्री, दर, ग्राहक, सगळं तिच्याकडे सोपवावं. तोपर्यंत बायकांनी निवडून दिलेल्या चौघी प्रत्येक बैठकीला बसतील आणि त्यांच्या होकाराशिवाय दर ठरणार नाही. प्रत्येक वस्तूची विक्रीची किंमत, खर्च आणि मजुरी भिंतीवर लागेल. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवला जाईल, सीए साहेबांच्या इंग्रजीत नाही, बायका बोलतात त्या भाषेत. दुःखाच्या चिठ्ठ्या बंद. चिठ्ठीवर शिवणारीचं नाव, तेही तिची इच्छा असेल तरच. बैठक रात्री नऊला दवाखान्यात भरणार नाही, दुपारी शिवणघरात भरेल. आणि कुणीही विश्वस्त सहा वर्षांच्या वर राहणार नाही, मीसुद्धा.

काही जण म्हणतील, असं केलं तर चांगली माणसं संस्थेत येणार नाहीत. हिशेब विचारला म्हणून जो निघून जातो, तो संस्थेत खिदमतीसाठी आला होता की खुर्चीसाठी, ते आपोआप कळेल. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही, त्यांनी जरूर विरोध करावा. फक्त तो बंद दाराआड करू नये. शिवणघरात यावं, त्या बायकांसमोर बसावं आणि त्यांना सांगावं की तुमच्या हातच्या गोधडीची किंमत तुम्हाला का कळू नये.