राजदूताची खुर्ची आणि कामगाराची भाकर

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला नगरकडून येणारे आपले बांधव शिरूर सोडून पुढे आले की रांजणगावची एमआयडीसी लागते. याच एमआयडीसीत हायर या चिनी कंपनीचा कारखाना आहे. २००७ मध्ये तिने येथील चालू कारखाना विकत घेतला आणि २०१७ मध्ये त्याचा विस्तार केला. शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक एमआयडीसी आहे. देशातील औषधनिर्मितीला लागणारा बराचसा कच्चा माल चीनमधूनच येतो. म्हणून दिल्लीत चीनचा राजदूत आहे की नाही, असेल तर तो काय करतो, हा प्रश्न शिरूर-दौंडच्या कामगाराला वाटतो तितका दूरचा नाही.

१९५० मध्ये चीनने आपला पहिला राजदूत म्हणून युआन चोंगश्येन या सेनानीला दिल्लीला पाठविले. २९ एप्रिल १९५४ रोजी पंचशील करार झाला आणि सत्ताधाऱ्यांनी भाई-भाईचा जयघोष सुरू केला. त्या गजरात २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेब उभे राहिले. पंचशील हे बुद्धाच्या धम्माचे अंग आहे, माओंची त्यावर खरोखर श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असे त्यांनी सरकारला सुनावले. राज्याची पारख त्याच्या दूताच्या गोड बोलण्यावरून करू नका, दुबळ्यांशी ते कसे वागते त्यावरून करा, हा या भाषणाचा मथितार्थ आहे. आठ वर्षांत युद्ध झाले. दोन्हीकडचे राजदूत परत गेले आणि चौदा-पंधरा वर्षे खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

१९७६ मध्ये पुन्हा राजदूत नेमायचे ठरले, तेव्हा भारताने बीजिंगला कोणाला पाठविले? केरळातील उळवूरच्या एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेल्या के. आर. नारायणन यांना! चीनने छेन चाओयुआन यांना दिल्लीला पाठविले. ज्यांच्या पूर्वजांना गावच्या वाटेवर मोकळेपणाने चालू दिले जात नव्हते, त्यांच्यातल्या एकाने दोन महाकाय देशांमधील बंद दार उघडायला मदत केली. हेच नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. संधी मिळाली तर आपला माणूस कोठवर जातो, याचा हा पुरावा आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने तळेगावच्या मोटार कारखान्यासाठी ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीशी सामंजस्य करार केला. त्या ऑनलाइन कार्यक्रमाला चीनचे तेव्हाचे राजदूत सुन वेइडोंग हजर होते. त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. आठवडाभरात शासनाने सुमारे ५ हजार कोटींचे तीन चिनी करार थांबविले. जवानांच्या रक्तापुढे कोणत्याही कराराची किंमत नाही, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण पुढे काय झाले? ग्रेट वॉल जो कारखाना घेणार होती, त्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४०० हून अधिक कामगारांना ले-ऑफ दिला गेला. २०२२ मध्ये ग्रेट वॉलचा व्यवहार बारगळला, २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. जमिनीला गिऱ्हाईक मिळाले, यंत्रांना मिळाले. कामगाराला मात्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुन वेइडोंग गेले. त्यानंतर शू फेइहोंग मे २०२४ मध्ये येईपर्यंत, दीड वर्षाहून अधिक काळ, दिल्लीतील चिनी राजदूताची खुर्ची रिकामी होती. चिनी माल थांबला का? २०२३-२४ या एकाच वर्षात चीनमधून १०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीची आयात झाली! खुर्ची रिकामी असतानाही भांडवलदाराची वाट मोकळी राहते. अडतो तो फक्त कामगार.

कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट खुपते. राजदूताच्या केसालाही धक्का लागू नये यासाठी १९६१ चा व्हिएन्ना करार आहे आणि १९७२ चा भारताचा कायदा आहे. कामगाराला काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही बंद करण्याआधी शासनाची परवानगी लागत असे, आता ती मर्यादा तीनशेवर नेली आहे. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ज्या संरक्षणाचा पाया घातला, त्याच्या विटा अशा एकेक काढल्या जात आहेत. मालक चिनी असो, कोरियन असो की पुण्याचा, कंत्राटी कामगाराच्या पदरी पडणारे दुःख सारखेच असते. आणि या कंत्राटी कामगारांत बौद्ध, मातंग, भटके आणि दुष्काळी भागातून आलेले आपलेच भाऊबंद मोठ्या संख्येने आहेत, हे एमआयडीसीच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहून कोणीही पाहावे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. परदेशी कंपनीशी होणारा प्रत्येक सामंजस्य करार शासनाने लोकांपुढे ठेवावा. कारखाना बंद पडला, विकला गेला किंवा दोन देशांच्या भांडणात अडकला, तर कंत्राटी कामगारांसह सर्वांना पुन्हा काम किंवा पुरेशी भरपाई मिळेल, ही अट करारातच लिहावी. शिरूर आणि दौंडच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करून आपल्या तालुक्यातील करारांच्या प्रती आजच मागाव्यात.

राजदूत येतील आणि जातील. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये बीजिंगला लावलेली कसोटी आपण मुंबई आणि दिल्लीच्या सरकारलाही लावली पाहिजे. पाहुण्याचे स्वागत कसे केले, हे आम्हाला सांगू नका. घरच्या कष्टकऱ्याला कसे वागविले, ते दाखवा!