नांगरलेला हिवाळा

बहामा द्वीपसमूहात ग्रेट एक्झुमा बेटालगत एलिझाबेथ हार्बर हे निवाऱ्याचे बंदर आहे. अमेरिका व कॅनडातील अनेक निवृत्त दांपत्ये हिवाळ्याचे काही महिने तेथे आपल्या शिडाच्या नौकांवर राहतात. बाजारहाटासाठी लहान होडीत चढ-उतार करावी लागते. शरीर हलते राहते, मात्र तोल सांभाळावा लागतो. रोज सकाळी रेडिओवर हवामान, निरोप आणि कोणाला मदत हवी का, याची विचारणा होते. मोठे रुग्णालय नासाऊला, विमानाच्या अंतरावर. म्हणून दुखणे अंगावर काढणे तेथे परवडत नाही. नेहमीची औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, जवळ असावीत.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचीही रोज सकाळी ठरावीक वेळी विचारपूस व्हावी. उत्तर आले नाही, तर लगेच कोणी जायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.