नकाशे भिंतीवर, इतिहास रद्दीत

इ. स. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण 'मुंबई' म्हणजे नेमकी किती भूमी? करारप्रसंगी दाखविलेल्या नकाशात साष्टी आणि ठाणेही मुंबईतच धरलेले होते, असा इंग्रजांचा दावा होता. पोर्तुगीजांनी तो साफ नाकारला. ज्या नकाशाच्या आधारावर हा दावा उभा होता, तो नकाशा पुढे सापडेनासा झाला! अखेर १६६५ साली इंग्रजांच्या पदरात पडले ते केवळ मुंबई बेट. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे पोर्तुगीज अमलाखालीच राहिली. १७३७ मध्ये मराठी फौजांनी ठाणे घेतले, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली, तेव्हा कुठे हा मुलूख त्या अमलातून मोकळा झाला.

नकाशा हा शोभेचा कागद नसून दाव्याचा कागद असतो, हे ज्या भूमीच्या इतिहासाने इतक्या स्पष्टपणे सांगितले, त्याच भूमीवरील सुशिक्षित समाज आज जुन्या नकाशांकडे कसा पाहतो?

दिवाणखान्यातील भूगोल

उपनगरांतील नव्या, प्रशस्त सदनिकांत जुने नकाशे चौकटीत बसवून टांगण्याची हौस वाढत चालली आहे. ऑर्टेलियस, मर्केटर, दाँव्हिल ही नावे सहज उच्चारली जातात. हौसेला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु या हौसेसाठी होणारा व्यापार कसा चालतो? जुने नकाशासंग्रह उसवले जातात, पान न् पान सुटे करून विकले जाते, फिकट पानांवर नव्याने रंगही चढविला जातो. शे-दोनशे वर्षे एकत्र राहिलेला ग्रंथ फाडायचा आणि त्याच्या एका पानाला 'वारसा' म्हणायचे, हा कुठला न्याय?

ज्यांची नावे एवढ्या आदराने घेतली जातात, त्यांतील किती जणांनी ही भूमी पाहिली होती? भारताचा १७५२ चा प्रसिद्ध नकाशा करणाऱ्या दाँव्हिलची ख्यातीच मुळी पॅरिस न सोडता जग रेखाटणारा अशी होती. याउलट जे येथे आले, त्यांच्या श्रमांना मान दिलाच पाहिजे. पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो याने १५३८-३९ मध्ये गोवा ते दीव या प्रवासात किनाऱ्याची नोंद केली आणि कान्हेरीच्या लेण्यांचेही वर्णन लिहून ठेवले. जर्मन अभ्यासक कार्स्टेन नीबुर याने १७६३-६४ च्या मुंबई मुक्कामात घारापुरीची लेणी मोजून त्यांचा आराखडा काढला. त्याचे सारे सहकारी प्रवासात मृत्युमुखी पडले, तरी त्याने काम सोडले नाही. परकीय म्हणून त्यांना कमी लेखणे हा करंटेपणा ठरेल. प्रश्न परकीयांच्या कर्तृत्वाचा नसून स्वकीयांच्या विस्मरणाचा आहे.

चौकटीतील चित्र आणि चौकटीबाहेरचा माणूस

जेम्स रेनेल याचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा संग्राहकांना फार प्रिय. त्याच्या नक्षीदार शीर्षक-चौकटीत ब्रिटानिया उभी आहे आणि ब्राह्मण पंडित आपले ग्रंथ तिच्या हाती सोपवीत आहेत. चित्राचा अर्थ उघड आहे : ज्ञान तुमचे, स्वामित्व आमचे. हेच चित्र हौसेने भिंतीवर लावले जाते आणि त्याचा अर्थ विचारण्याची गरज घरात कोणालाच वाटत नाही.

त्याच रेनेलने आपल्या नकाशाच्या विवरणग्रंथात सदानंद नावाच्या एका ब्राह्मणाने केलेल्या गुजरातच्या नकाशाचा उपयोग केल्याचे मोकळेपणाने नमूद केले असून त्याच्या बुद्धिमत्तेची प्रशंसाही केली आहे. परक्याने ज्याचे ऋण मान्य केले, त्या सदानंदाचे नाव आज किती भारतीय घरांत ठाऊक आहे? हिमालयाच्या सर्वोच्च शिखराच्या उंचीची आकडेमोड करणारे राधानाथ सिकदार, ल्हासापर्यंत पायी जाऊन पावले मोजणारे नैनसिंह रावत, यांची नावेही स्पर्धा परीक्षांच्या टिपणांपुरतीच उरली आहेत.

मोडीतले नकाशे कोणी वाचायचे?

मराठ्यांना नकाशाशास्त्राचे वावडे होते, हा समज तर निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने मोडी अक्षरांतील नकाशे जपून ठेवले आहेत. या नकाशांचे प्रमाण युरोपीय पद्धतीचे नाही. किल्ला, घाट, नदी, तीर्थक्षेत्र हे त्यांत महत्त्वानुसार लहानमोठे होतात. म्हणून ते अडाणी ठरत नाहीत. ज्याला त्या वाटेने फौज न्यायची आहे, त्याच्यासाठी काढलेले ते नकाशे आहेत. अशा भारतीय नकाशांचा विस्तृत परिचय करून देणारा सुसान गोले यांचा ग्रंथ १९८९ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झाला, तोही इंग्रजीत. मराठी वाचकाला आपल्या पूर्वजांचे नकाशे इंग्रजीतून समजून घ्यावे लागावेत, ही शरमेची गोष्ट नव्हे काय?

खासगी संग्राहकांमुळे असंख्य नकाशे वाचले, हे कोणीही मान्य करील. पण वाचविणे आणि कोंडून ठेवणे यांत अंतर आहे. ज्या नकाशाचे छायाचित्रही अभ्यासकाला मिळत नाही, तो समाजाच्या दृष्टीने हरवल्यातच जमा.

नद्यांचे नाले झाले, ते कसे?

हा केवळ अस्मितेचा प्रश्न नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांत हाहाकार उडाला. मिठी ही नदी आहे, हेच कित्येक उपनगरवासीयांना त्या दिवशी कळले! दहिसर, पोयसर, ओशिवरा यांनाही लोक नालाच म्हणत आले. साष्टीच्या जुन्या भूमापनात नदीचे पात्र, खाडीचे फाटे, खाजणे, मिठागरे, गावठाणे यांच्या खुणा आहेत. त्या खुणा सर्वांसमोर असत्या, तर पात्रात भराव घालणाऱ्याला जाब विचारणे सोपे झाले असते. कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन या मूळ रहिवाशांना आपल्या गावठाणांच्या सीमांसाठी आजही जुने कागदच शोधावे लागतात. १६६१ चा नकाशा हरवला तेव्हा दोन राजे भांडले. आजचा नकाशा हरवला तर सामान्य माणसाचे घर जाते.

करावयाचे काय?

पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित वा दस्तऐवज १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंत मोडतात आणि ते परस्पर परदेशी पाठविता येत नाहीत. पण कायदा सीमेवर पहारा देतो. घरातल्या रद्दीवर नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने भारतीय संस्थांना नवे नकाशे करण्याची वाट मोकळी केली, हे स्वागतार्ह आहे. तीच तत्परता जुन्या नकाशांच्या बाबतीत दाखवून साष्टीचे सर्व उपलब्ध नकाशे राज्य पुराभिलेखागाराने एकत्र, विनामूल्य आणि मराठी टिपांसह खुले केले पाहिजेत.

मात्र सारे शासनावर सोपवून समाजाला हात झटकता येणार नाहीत. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांनी मोडीचे वर्ग आणि जुन्या नकाशांची प्रदर्शने भरविणे अवघड नाही. आजोबांच्या पेटीतील रुमाल जाणकाराला दाखविल्याविना रद्दीवाल्याच्या तराजूत पडणार नाही, एवढा निर्धार प्रत्येक कुटुंबाला करता येईल. संग्राहकांनीही आपल्या संग्रहाची एक प्रत अभ्यासकांसाठी द्यावी.

ज्या समाजाला स्वतःच्या भूमीचा नकाशा वाचता येत नाही, त्याच्या भूमीचा नकाशा दुसरेच काढतात. साष्टीने हा धडा एकदा घेतला आहे. तो दुसऱ्यांदा घेण्याची वेळ येऊ नये.